सर्व्हर मांडला, पुढे काय?

घरी लिनक्स सर्व्हर कसा मांडावा हे शिकवणाऱ्या ज्या मार्गदर्शिका आम्ही चाळल्या, त्यांत पायऱ्या चोख आहेत. अखंड वीज मात्र गृहीतच धरलेली आहे. रायगडच्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने विजेचे खांबच आडवे केले. वीज अचानक गेली की ईएक्सटी-४ ची नोंदवही फाइलव्यवस्थेचा सांगाडा सावरते. डिस्कवर न पोचलेला मजकूर जातोच. कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला नेताना १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे नोंदी घेऊन ताडून पाहिल्या गेल्या. ती शिस्त आम्हांला या मार्गदर्शिकांत दिसली नाही. मुलांचे वर्षभराचे प्रकल्प सर्व्हरवर ठेवायचे, तर राखीव प्रत दुसऱ्या गावी ठेवावी आणि अधूनमधून उघडून पाहावी.