सत्तर वर्षे, सातशे गाड्या

वाढदिवस माणसाचा असो की मोटारीचा, खर्च आप्तेष्टांनीच करायचा असतो. मोटारीचे आप्तेष्ट म्हणजे गिऱ्हाइकं.

महिंद्र कंपनीनं जून 2019 मध्ये ‘थार 700’ काढली. जीपच्या घराण्याला 70 वर्षं झाली म्हणून गाड्या फक्त 700. सत्तराला दहानंच का गुणलं, हे आम्हां कॉमर्सवाल्यांनाही उमगलेलं नाही. किंमत 9 लाख 99 हजार. म्हणजे चपलेच्या दुकानातला हिशेब! त्यात नवीन काय? निळसर रंग, अंगावर पट्टे, वेगळी चाकं आणि पत्र्यावर खुद्द आनंद महिंद्रांच्या सहीचा बिल्ला. इंजिन तेच, अडीच लिटरचं. ब्रेकना एबीएस होतं, ते उत्तमच. पण ते त्याच एप्रिलपासून कायद्यानं सक्तीचं झालेलं. द्यावंच लागतं ते आहेरात मोजू नये.

अर्थात ही खोड आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत शेवरोलेची कॉर्व्हेट 1953 साली आली, तेव्हा वर्षभरात 300च गाड्या झाल्या. त्यांना कुणी ‘मर्यादित’ म्हटलं नाही. 1978 साली तिची पंचविशी झाली. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढं धावलेल्या काळ्या-चंदेरी गाडीच्या 6,502 प्रतिकृती निघाल्या, आणि त्या मात्र मर्यादित! लोक छापील किमतीवर जादा पैसे मोजून त्या घेऊन गेले. त्या मानानं आपल्या 700 प्रामाणिक. जुन्या थारच्या त्या खरोखरच अखेरच्या होत्या. ऑक्टोबर 2020 मध्ये नवी थार आली. म्हणजे हा वाढदिवस कमी आणि निरोपसमारंभ जास्त.

आता सहीबद्दल. सह्या ताडून पाहण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलं. सही कितीही झोकदार असो, खात्यात शिल्लक असेल तरच तिला किंमत. या सहीमागची शिल्लक कुणी भरली? ती भरली आमच्या सिरसाळ्यासारख्या गावांनी. परळी-तेलगाव रस्त्यावर काळी-पिवळी जीप आत दहा, मागं लोंबकळत चार आणि टपावर शेळीसकट दोन अशी धावायची. वऱ्हाड तिच्यातून गेलं, बाजाराची पोती गेली. रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात पोचवलं ते तिनंच. ड्रायव्हर म्हणायचा, “सरका वो सायेब, जागा लई हाय!” असली अमर्याद आवृत्ती जगात कुठं निघाली नसेल.

सत्काराला सुद्धा शाल घालण्याआधी सत्कारमूर्तीनं काय केलं, ते दोन शब्दांत सांगतात. इथं शालच तेवढी घातली. मालकाची सही जरूर असावी. पण शेजारी एखाद्या ड्रायव्हरचा अंगठाही उठवला असता तर बिल्ला काही मोठा झाला नसता. आम्ही तो चेक तत्काळ वटवला असता. दोन्ही सह्या जुळत होत्या.