निबंधस्पर्धेतील ‘कायद्याचे राज्य’

विधिमहाविद्यालयांतून ‘कायद्याचे राज्य’ या विषयावर निबंधस्पर्धा योजण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. संविधानदिन जवळ आला की विषय जाहीर होतो, शब्दमर्यादा ठरते आणि निबंध येऊ लागतात. त्यांची घडण बहुधा एकच असते. आरंभी डायसीचा १८८५ चा ग्रंथ व त्यातील तीन तत्त्वे, मग अनुच्छेद १४, मध्यभागी रामशास्त्री प्रभुणे आणि अखेरीस न्यायसंस्थेवरील दृढ विश्वास. भाषा शुद्ध, संदर्भ बिनचूक. परंतु वादाचा मुद्दा कोठेच नाही. हे विवेचन नव्हे, स्तोत्र होय. याचे खापर विद्यार्थ्यांवर फोडणे मात्र अन्यायाचे ठरेल. ‘कायद्याच्या राज्याचे महत्त्व’ असा विषय दिल्यावर ते महत्त्व नाकारणार कोण?

रामशास्त्र्यांचेच उदाहरण घ्यावे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश मराठी मनात घर करून बसला, हे स्वाभाविकच आहे. पण तो निर्णय अमलात आला नाही. शास्त्रीबुवांनी पद सोडले आणि राघोबांची सत्ता गेल्यावर ते पुन्हा न्यायासनावर आले. या कथेत न्यायाधीशाचे शील आहे, सत्ताधाऱ्याला बांधणारी यंत्रणा नाही. कायद्याच्या राज्याचा दाखला म्हणून जी सांगितली जाते, ती वस्तुतः त्याच्या अभावाची कथा आहे. हा भेद ज्या निबंधात ओळखला जातो, तो निबंध विरळा.

याहून मोठी उणीव अशी की, ही संज्ञा स्वतःच विवाद्य आहे याची जाणीव या लेखनात आढळत नाही. १९७६ च्या जबलपूर खटल्यात स्थानबद्धांना आणीबाणीत न्यायालयाचे दार ठोठावता येईल काय, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयातील चार न्यायमूर्तींनी नकारार्थी उत्तर दिले. संविधानात जे लिहिले आहे त्याहून वेगळे असे कायद्याचे राज्य नाही, ही त्यांची भूमिका. न्यायमूर्ती खन्ना एकटे वेगळे पडले: अनुच्छेद २१ नसता तरीही कायद्याच्या आधारावाचून कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्यसंस्थेला नाही, असे त्यांनी मानले. शब्द दोन्ही बाजूंना मान्य होता. तंटा त्याच्या अर्थाचा होता. बहुमताचा तो निर्णय रद्द ठरण्यास २०१७ साल उजाडावे लागले. यांपैकी एक बाजू घेऊन दुसरीचे सामर्थ्य प्रामाणिकपणे तोलणारा निबंध, मग त्याची भाषा ओबडधोबड का असेना, दहा स्तोत्रांहून मोलाचा.

कोल्हापुरातील विद्यार्थ्याला तर अशा वादाची सामग्री घराशेजारीच आहे. शाहू महाराजांची २६ जुलै १९०२ ची आज्ञा, म्हणजे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांस देण्याविषयीची, निबंधांत नेहमी येते. पण येते ती राजाच्या औदार्याची खूण म्हणून. तिची घडण कोणी वाचत नाही. ती आज्ञा गॅझेटात प्रसिद्ध झाली. मागासलेले वर्ग कोणते, याची व्याख्या तिने केली. प्रमाण आकड्यात सांगितले. आणि केलेल्या नेमणुकांचे तिमाही पत्रक पाठविण्याचे बंधन प्रत्येक खातेप्रमुखावर घातले. पूर्वप्रसिद्धी, व्याख्या, जाब देण्याची जबाबदारी ही तर कायद्याचीच लक्षणे. तथापि जो राजा आज्ञा काढतो तो ती मागेही घेऊ शकतो. तेव्हा हे कायद्याचे राज्य की न्यायी राजाचे राज्य? डायसी येथे अपुरा पडतो, आणि शाहूंविषयीचा आदरही प्रश्न सोडवीत नाही.

दुसरी सामग्री याहून ताजी आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ काम करू लागले. सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना तोवर अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. न्यायासमोरील समानतेत एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी धरावयाची की नाही, हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकी व्याख्येत नाही.

विषय ठरविणाऱ्यांनी हात थोडा आवरता घेतला तरी पुष्कळ साधेल. ‘महत्त्व’ हा शब्द गाळून एखादा निकाल किंवा एखादी आज्ञा पुढे ठेवावी, मुदत दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांची द्यावी. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दफ्तर आहे. खातेप्रमुखांनी ती तिमाही पत्रके खरोखर पाठविली काय, याचा शोध तेथे एखाद्या विद्यार्थ्याला घेता येईल.