नळीवरचे नाव, नळीखालचे ठसे

जुन्या जर्मन शिकारी बंदुकीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर बहुधा एक नाव कोरलेले असते. संग्राहकांच्या याद्यांत ते सरळ ‘निर्माता’ या रकान्यात जाते. माझा आक्षेप या सवयीला आहे. थ्युरिंगियातील झूल हे बंदूककारांचे गाव, पण तिथली बंदूक क्वचितच एका हातची असे. नळी एकाची, चाप दुसऱ्याचा, दस्ता तिसऱ्याचा, नक्षी चौथ्याची. तयार माल दूरच्या शहरातल्या दुकानदाराकडे गेला की पट्टीवर अनेकदा त्याचेच नाव चढे. ‘क्रुप’ हे नाव तर याहून फसवे. ते पोलाद कुठले एवढेच सांगते, तरी क्रुपची बंदूक म्हणून ती मिरवणारे भेटतातच.

खरे वाचन नळ्या उतरवून, उलट्या करून सुरू होते. १८९१ च्या कायद्याने, जो १८९३ पासून लागू झाला, जर्मनीत प्रत्येक नळीची सरकारी चाचणी सक्तीची केली. मुकुटाखाली ‘यू’ म्हणजे तपासणी झाली, ‘जी’ म्हणजे नळीत पेचदार चर आहेत, ‘डब्ल्यू’ म्हणजे छर्‍याची नळी तोंडाशी आवळलेली आहे. शेजारी ११८.३५ असा आकडा दिसला तर नवखा त्याला अनुक्रमांक समजतो. तो नळीचा व्यास आहे: एक पौंड शिशाच्या ११८.३५ समान गोळ्या केल्या तर त्यातली एक या नळीत नेमकी बसेल. गोळीबंद नळीचे माप असे उलट्या दिशेने सांगण्याची ही रीत पुढे मिलिमीटरांनी मागे टाकली, म्हणून तो आकडाच काळाचा पुरावा ठरतो. मुकुट जाऊन गरुडाखाली ‘एन’ आला असेल, तर बंदूक १९४० च्या आधी तपासलेली नाही.

हे ठसे काय आणि केव्हा ते सांगतात. कोणी, ते नाही. त्यासाठी उरतात नळीखालची इवली आद्याक्षरे, आणि तीही बहुतेक वेळा फक्त नळी करणाऱ्याची. अभंगातल्या नाममुद्रेवरून कर्ता ठरवताना आपले संपादक जो संयम पाळतात, तोच इथे हवा. शेवटच्या चरणातली मुद्रा नंतर कोणीही जोडू शकतो, पट्टीवरचे नावही.

उलट्या बाजूने, नाव नसणे हेही कधी कृत्य असते. झूलमध्ये १८५६ पासून चालत आलेला सिमसन हा ज्यू कुटुंबाचा कारखाना नाझींनी १९३५ मध्ये बळकावला. कुटुंबाला देश सोडावा लागला आणि कारखान्याला १९३६ मध्ये दुसरे नाव मिळाले. पुढे तो नाझी पुढारी गुस्टलोफच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कारखाना तोच, नाव पुसलेले. अशा बंदुकीसमोर ‘निर्माता: गुस्टलोफ’ एवढेच लिहिणारी यादी मला चुकीची वाटते, कारण ती बळकावणाऱ्याचा शब्द प्रमाण मानते. त्या रकान्यात मी आधी सिमसन लिहीन, मग वर्ष, मग बदललेले नाव. आणि पट्टीवर दुकानदाराचे नाव असेल तर ‘विक्रेता’ असा वेगळा रकाना आखीन. यादी थोडी लांबेल, लांबू दे.