न सापडलेल्या फाईलची गोष्ट
लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या, १९९०च्या दशकात सुरू झालेल्या 'सेन' या प्रणालीची मांडणी आम्हाला आवडते. चित्र मागणारा प्रोग्रॅम वेगळा आणि यंत्राशी बोलणारी ड्रायव्हरची फाईल वेगळी. नव्या स्कॅनरसाठी फक्त ड्रायव्हरची भर घालावी लागते.

तक्रार आहे ती तिच्या संदेशाबद्दल. ड्रायव्हरची फाईल मिळाली नाही, तरी 'स्कॅनइमेज' ही आज्ञा एवढेच सांगते की स्कॅनर ओळखता आला नाही; जोडणी व वीज तपासा, माहितीपत्रके वाचा. शिक्षक बिचारे केबल बदलत बसतात! वास्तविक फाईल पुष्कळदा डिस्कवरच असते. उत्पादकाने ती एका फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि उबुंटूवरील 'सेन' शोधते दुसऱ्याच फोल्डरमध्ये.

'सेन-फाइंड-स्कॅनर' या आज्ञेला यंत्र दिसले, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. 'सेन_डीबग_डीएलएल' याचे मूल्य २५५ ठेवून 'स्कॅनइमेज' पुन्हा चालवली, की कोणती फाईल कोठे शोधली हे ओळीओळीने दिसते. म्हणजे माहिती प्रणालीजवळ असते; ती न विचारता सांगत नाही, इतकेच.

'नाही' आणि 'पाहिले तेथे नाही' यांतला फरक आपण प्रयोगवहीत विद्यार्थ्यांकडून काटेकोरपणे लिहून घेतो. संगणकाला त्यातून सूट का द्यावी?