खटला चार वर्षांचा, दवाखाना पस्तीस वर्षांचा

रखमाबाईंबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्याचा एक साचा ठरून गेला आहे. अकराव्या वर्षी लग्न, नांदायला जायला नकार, हायकोर्ट, टिळकांचा विरोध, लंडन, डिग्री. आणि मग शेवटी एका वाक्यात सुरत, राजकोट, पस्तीस वर्षं रुग्णसेवा. तिथी-पुण्यतिथीच्या पोस्ट बघा, प्रमाण हेच असतं. चार वर्षांना चार पानं आणि पस्तीस वर्षांना एक ओळ.

इथे मी एरवी स्ट्रेप्टोकॉकसबद्दल लिहिते, कारण माझी पीएचडी त्याच्यावर आहे. रखमाबाईंपर्यंत मी पोचले तीही याच जिवाणूमुळे. कसं ते पुढे येईलच. आधी खटला थोडक्यात उरकू.

रखमाबाईंचा जन्म 1864 चा, मुंबईतला. वडील लहानपणीच गेले. समाज सुतारांचा, त्यात पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती, म्हणून आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. (हे सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. 1883 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत दोन भारतीय होते, त्यातले एक हे. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.) त्यांच्याच नात्यातल्या दादाजी भिकाजीशी रखमाबाईंचं लग्न लावलं गेलं. त्या नांदायला गेल्याच नाहीत. 1884 मध्ये दादाजीने दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. त्यांचं म्हणणं असं की जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांचं सहजीवन 'पुन्हा' सुरू कसं करायचं? अपिलात प्रकरण परत आलं आणि 4 मार्च 1887 ला न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडने अशा दाव्यांतली तुरुंगाची शिक्षा 1884 मध्येच काढून टाकली होती. शेवटी 1888 मध्ये दादाजीला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

एवढा सगळा तपशील तारखांसकट मला सहज लिहिता येतो, आणि माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. कोर्ट कागद तयार करतं आणि जपून ठेवतं. निकाल छापले जातात, वर्तमानपत्रं बाजू घेतात, संपादक एकमेकांवर तुटून पडतात. शंभर वर्षांनी एखादा अभ्यासक येतो तेव्हा त्याच्यासमोर ढीगभर साहित्य असतं. सुधीर चंद्र यांचं 'एन्स्लेव्ड डॉटर्स' हे फार चांगलं पुस्तक अशाच ढिगातून उभं राहिलं. ते खटल्याचंच पुस्तक आहे आणि तसं सांगूनच लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याच्यावर माझी तक्रार नाही. तक्रार आपल्यावर आहे. उपलब्ध कागद जेवढा, तेवढंच आयुष्य, असं आपण धरून चालतो. प्रयोगशाळेत कुणी असं केलं तर गाईड पहिल्याच मीटिंगला विचारतील की जे मोजलंच गेलं नाही त्याचं काय? बाळंतिणीच्या खाटेपाशी वार्ताहर नसतो.

आता शेळीची गोष्ट. रखमाबाईंवर लिहिणारे बरेच जण ती सांगतात. 1895 मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या, पण बाळंतपणाला कुणी येईना. तेव्हा त्यांनी म्हणे एक गाभण शेळी दवाखान्यात आणली, तिची सुटका व्यवस्थित करून दाखवली आणि मग बायका यायला लागल्या. गोष्ट गोड आहे. पण ती नेहमी 'अडाणी, अंधश्रद्ध बायका आणि हुशार डॉक्टर' अशा थाटात सांगितली जाते. मला ते पटत नाही.

त्या काळात दवाखान्यात बाळंत होणं खरोखरच धोक्याचं असू शकायचं. बाळंतज्वराचं एक मोठं कारण म्हणजे माझा स्ट्रेप्टोकॉकस. तो एका बाईकडून दुसरीकडे डॉक्टरांच्या आणि सुइणींच्या हातांनी जातो. 1840 च्या दशकात व्हिएन्नामध्ये सेमेलवाइसच्या लक्षात आलं होतं की डॉक्टर आणि विद्यार्थी तपासतात त्या वॉर्डात बायका जास्त मरतात, सुइणींच्या वॉर्डात कमी. म्हणजे शिकलेल्या हातांची भीती वाटणं हा अडाणीपणा नव्हता, त्यात बरंच शहाणपण होतं. आणि या तापावर औषध कधी आलं? 1930 च्या दशकाच्या मध्यावर, सल्फा औषधांच्या रूपाने. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयातले कोलब्रुक यांचे गाजलेले निष्कर्ष 1936 चे. रखमाबाई त्याच्या काही वर्षं आधीच, 1930 च्या सुमारास, निवृत्त झालेल्या होत्या.

म्हणजे त्यांची अख्खी कारकीर्द जंतू कळल्यानंतरची आणि औषध यायच्या आधीची. ताप एकदा चढला की डॉक्टरच्या हातात जवळजवळ काहीच नाही. जे करायचं ते आधीच : हात धुणं, उकळणं, कार्बोलिक, आणि दाई-नर्सकडून तेच रोज, न कंटाळता करून घेणं. अशा काळात एका डॉक्टरीणबाईंनी पस्तीस वर्षं बाळंतपणं केली. हे धैर्य कोर्टात दाखवलेल्या धैर्यापेक्षा वेगळ्या जातीचं आहे. त्यात संवाद नाहीत, निकाल नाही. म्हणून ते सिनेमात येत नाही.

साच्यात न बसणारी आणखी एक गोष्ट आहे. 1904 मध्ये दादाजी वारला, तेव्हापासून रखमाबाई विधवेचा पांढरा वेष वापरू लागल्या, असं सांगितलं जातं. ज्या नवऱ्याला नवरा मानायला नकार दिला, त्याचं वैधव्य? पुष्कळ लेखांत हा तपशील गाळलेलाच असतो. नायिका विसंगत दिसायला नको ना! माझा निव्वळ अंदाज असा की परक्या शहरात, पडद्यातल्या बायकांच्या घरात शिरताना पांढरं लुगडं उपयोगी पडत असावं. पण पटो न पटो, ते गाळायचा अधिकार आपल्याला नाही.

आणि ते 'पहिली' प्रकरण. भारतातली पहिली डॉक्टर, प्रॅक्टिस करणारी पहिली... कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींनी 1886 मध्येच पात्रता मिळवली होती आणि व्यवसायही केला. लंडनहून रखमाबाई 1894 मध्ये पात्र ठरल्या. पहिली नसल्याने त्यांचं काही बिघडत नाही. पण 'पहिली' म्हटलं की गोष्ट डिग्रीपाशी संपवता येते, ही आपली सोय.

तुलना आनंदीबाई जोशींशी होणारच. आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. फॅरन यांचा निकाल त्यानंतर सहाच दिवसांनी लागला. आनंदीबाईंना कोल्हापूरची नेमणूक मिळाली होती, पण रुजू होण्याआधीच आयुष्य संपलं. त्यांच्यावर श्री. ज. जोशींची कादंबरी आहे, तिच्यावरून नाटक आलं, 2019 चा सिनेमा आहे, आणि घराघरात त्या माहीत आहेत. रखमाबाईंवर मोहिनी वर्दे यांचं चरित्र आहे, अनंत महादेवनांचा सिनेमाही आहे, पण आपल्या आईला किंवा मावशीला विचारून बघा. नवऱ्याने शिकवलेली बायको आपल्याला लवकर आपली वाटते. नवरा नाकारलेली, आणि वर नव्वदी गाठणारी, तिचं काय करायचं हे कळत नाही.

1918 मध्ये विमेन्स मेडिकल सर्व्हिसची नोकरी समोर असताना रखमाबाईंनी ती नाकारली आणि राजकोट संस्थानच्या जनाना रुग्णालयात गेल्या. का? 1929 मध्ये पडदा पद्धत बंद करा म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली. तेव्हा त्या पासष्टीच्या होत्या आणि पडद्याआडच्या बायकांना तपासण्यात त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेलेली होती. त्या पुस्तिकेतली रखमाबाई 'ए हिंदू लेडी' या सहीने 1885 मध्ये टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिणाऱ्या मुलीपेक्षा किती वेगळी झाली होती, यावर कुणीतरी लिहायला हवं. इतिहासवाल्या मैत्रिणींनो, सुरत-राजकोटच्या दफ्तरांत जाणारं कुणी असेल तर सांगा. वॉर्डातल्या जुन्या नोंदींचं कोडं सोडवायला मी सोबत येईन.