ग्रंट, गल्प आणि त्यांच्या आधीचा मेक

जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात काही कामे दिवसातून वीस वेळा करावी लागतात: सॅसचे सीएसएस करणे, कोड लिंटरमधून तपासणे, फाइली जोडून लहान करणे, चाचण्या चालवणे. ती यंत्रावर सोपवावीत यात वाद नाही. कशावर सोपवायची, याचे तयार उत्तर म्हणून तुम्हाला ग्रंट किंवा गल्प शिकवले गेले असेल, तर माझी तक्रार त्या उत्तराबद्दल आहे.

बेन अल्मन यांचे ग्रंट २०१२ मध्ये आले. ग्रंटफाइलमध्ये तुम्ही आज्ञा लिहीत नाही, एक मोठा ऑब्जेक्ट भरता. नवख्याला ते सोपे वाटते. पण प्रत्येक काम फाइल डिस्कवरून वाचते, डिस्कवर लिहिते, आणि पुढचे काम तीच फाइल पुन्हा उघडते. २०१३ मध्ये आलेल्या गल्पने फाइली स्ट्रीममधून, मेमरीतच पुढे सरकवल्या. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

खरा दोष दोघांचाही एकच आहे, तो म्हणजे प्लगइन. अग्लिफाय-जेएस हे स्वतंत्र साधन आहे, टर्मिनलवरून सरळ चालते. तरी ग्रंटमध्ये त्याला ग्रंटचे वेष्टन लागते, गल्पमध्ये गल्पचे. मूळ साधन सुधारले की वेष्टन सुधारण्याची वाट पाहायची, आणि चूक आली की ती दोन थरांत शोधायची.

याची किंमत एप्रिल २०१९ मध्ये दिसली. नोड १२ आला आणि गल्प ३ वरचे प्रकल्प ‘प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड’ म्हणत थांबले. गल्प ज्या जुन्या ग्रेसफुल-एफएसवर उभे होते, ते नोडच्या अंतर्भागात हात घालत होते. गल्प ४ त्याआधीच आले होते, पण त्यात कामांचा क्रम लिहिण्याची पद्धत बदलली होती, म्हणजे गल्पफाइल नव्याने लिहिणे आले. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कोडमध्ये एक अक्षरही चुकलेले नव्हते. नोएडा-गुरुग्रामला इंटर्नशिपला जाल तेव्हा असाच कुणाचा तरी जुना प्रकल्प तुमच्या हाती पडू शकतो.

आता मागे बघा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७६ साली मेक लिहिला. तो फाइलींच्या वेळा ताडतो आणि जे बदलले तेवढेच पुन्हा बांधतो. ग्रंटला यासाठी वेगळे प्लगइन लागते. गल्पमध्ये ती सोय तुम्ही मुद्दाम मागावी लागते. मेकचे दुखणे वेगळे: ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा, स्पेस चालत नाही (यात माझे स्वतःचे तास गेले आहेत), आणि विंडोजवर तो आयता मिळत नाही.

लहान प्रकल्पाला मी एनपीएम स्क्रिप्ट सुचवतो. पॅकेज.जेसनच्या ‘स्क्रिप्ट्स’मध्ये मूळ साधनाची आज्ञाच लिहायची, प्रकल्पात बसवलेली साधने तिथे नावानेच सापडतात, आणि ‘प्रीबिल्ड’ लिहिले की ते ‘बिल्ड’च्या आधी आपोआप चालते. हेही निर्दोष नाही. जेसनमध्ये टिपणी लिहिता येत नाही, आणि लिनक्सवर चालणारी ‘आरएम’ आज्ञा लॅबमधल्या विंडोज मशिनवर अडते. पण अडली तर कोणती आज्ञा अडली, ते समोर दिसते.

पुढच्या प्रॅक्टिकलआधी तुमची ग्रंटफाइल किंवा गल्पफाइल उघडा. प्रत्येक प्लगइनसमोर त्याच्या आतल्या साधनाचे नाव लिहा आणि ते साधन एकदा टर्मिनलवरून हाताने चालवा. ज्याचे नाव सापडले नाही, ते घेऊन वर्गात या.