निर्देशांकातील कामगार : जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या सहकार्याची एक समीक्षा

आंतरराष्ट्रीय संस्थांमधील सहकार्याविषयी लिहिताना अभ्यासक बहुधा संयुक्त निवेदने, परिषदा आणि करार यांची जंत्री देतात. अशा जंत्रीवरून सहकार्य झाले एवढे कळते. ते कोणाच्या अटींवर झाले, हे कळत नाही. 1944च्या फिलाडेल्फिया जाहीरनाम्याने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेवर एक असाधारण जबाबदारी सोपविली होती. सर्व आंतरराष्ट्रीय आर्थिक व वित्तीय धोरणे सामाजिक उद्दिष्टाच्या कसोटीवर तपासून पाहणे, ही ती जबाबदारी होय. म्हणजेच कर्ज देणाऱ्या संस्थांची धोरणे कर्ज न देणाऱ्या संस्थेने तपासावयाची होती. या योजनेचे पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात जागतिक बँकेच्या ‘डुइंग बिझनेस’ अहवालमालेतील ‘एम्प्लॉइंग वर्कर्स’ हा एकच निर्देशांक घेतला आहे.

या मालेचा पहिला अहवाल 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. देशोदेशींचे कायदे एकाच मापाने मोजता यावेत म्हणून बँकेने एक काल्पनिक कामगार उभा केला. त्या दशकाच्या मध्यावरील अहवालांत तो 42 वर्षांचा पुरुष आहे. त्याला पत्नी व दोन मुले आहेत. एकाच कारखान्यात त्याची 20 वर्षे नोकरी झाली आहे. सदस्यत्व सक्तीचे नसेल तर तो कोणत्याही संघटनेचा सभासद नाही. कारखान्यात 201 कामगार आहेत आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येच्या शहरात आहे. भारतापुरते हे शहर मुंबई होते. 1982च्या गिरणी संपानंतरच्या मुंबईत असा सलग वीस वर्षे कायम नोकरी केलेला माणूस शोधावाच लागला असता, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्या देशात बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत, त्या देशाचे गुणांकन या एका गृहस्थावरून ठरत होते. शिवाय 201 हा आकडाही भारताच्या दृष्टीने निरुपद्रवी नव्हता. औद्योगिक विवाद कायद्याच्या पाच-ब प्रकरणानुसार शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यास कामगार कपातीसाठी शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक होती. पन्नास कामगारांचा कारखाना कल्पिला असता, तर त्याच भारतीय कायद्याचे चित्र बरेच सौम्य दिसले असते.

गुणदानाची रीत याहून अधिक आक्षेपार्ह होती. रात्रपाळीवर व आठवडी सुट्टीच्या दिवशी काम करून घेण्यावर निर्बंध असल्यास देशाचा ‘ताठरपणा’ वाढत असे. कामावरून कमी करण्यापूर्वी त्रयस्थ यंत्रणेला कळविण्याचे बंधन असल्यासही तसेच. आपल्या निकषांचा श्रम संघटनेच्या अभिसंधींशी, म्हणजे सदस्य देशांनी मान्य केल्यावर बंधनकारक होणाऱ्या करारांशी, विरोध नाही, असे बँक सांगत राहिली. शब्दशः ते कदाचित खरेही असेल. परंतु अभिसंधी किमान संरक्षण सांगतात, तर निर्देशांक संरक्षणाच्या अभावाला गुण देत होता. जॉर्जियाने 2006 मध्ये नवी श्रमसंहिता केली, तीत कारण न देता कामगार कमी करण्याची मुभा होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अहवालात जॉर्जिया 112व्या स्थानावरून 37व्या स्थानावर आला आणि सर्वांत मोठा सुधारक ठरला. तीच संहिता श्रम संघटनेच्या तज्ज्ञ समितीने संघटनस्वातंत्र्याच्या संदर्भात दोषास्पद मानली. जॉर्जियाला ती 2013 मध्ये बदलावी लागली.

श्रम संघटनेचे उत्तर उशिरा आले, पण आले. 2007 मध्ये जेनीन बर्ग व सांद्रीन काझेस यांचा टीकात्मक अभ्यास संघटनेने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी नियामक मंडळापुढे या निर्देशांकावर स्वतंत्र टिपण आले. जागतिक कामगार महासंघांनीही हा प्रश्न लावून धरला. एप्रिल 2009 मध्ये बँकेने देशांच्या धोरणांचे मूल्यमापन करताना हा निर्देशांक वापरू नये, अशी सूचना आपल्या कर्मचाऱ्यांना दिली. हे मूल्यमापन गरीब देशांना मिळणाऱ्या सवलतीच्या निधीशी जोडलेले असल्यामुळे या सूचनेचे मोल मोठे होते. पुढे श्रम संघटना, कामगार संघटना व मालक संघटना यांचा समावेश असलेला सल्लागार गट नेमला गेला आणि निर्देशांक क्रमवारीतून वगळण्यात आला. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही संस्थांमधील सहकार्याचा सर्वांत फलदायी प्रसंग हाच होय. आणि तो उघड मतभेदातून घडला, संयुक्त निवेदनातून नव्हे.

मात्र श्रम संघटनेची टीका मुख्यतः मापनपद्धतीवर राहिली. परवानगीच्या तरतुदीमुळे मालक कायम नोकऱ्या टाळून कंत्राटी कामगार नेमतात, हा बँकेच्या बाजूचा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. असंघटित श्रमिकांना या संरक्षणाचा काय उपयोग, या प्रश्नाला संघटनेकडून मिळालेले उत्तर मोघम होते. म्हणून माप गेले तरी विचार टिकला.

त्याचे प्रत्यंतर भारतात मिळते. 2015 मध्ये केंद्र शासनाने राज्यांसाठी 98 कलमी कृतिकार्यक्रम ठरविला. त्याच्या अंमलबजावणीचे मूल्यमापन जागतिक बँकेच्या साहाय्याने झाले. महाराष्ट्र आठव्या क्रमांकावर आला. कामगार कायद्यांचे पालन हा त्यातील एक विभाग होता आणि स्वयंप्रमाणन, संगणकाद्वारे निरीक्षकाची निवड यांसारख्या उपायांवर त्याचा भर होता. भ्रष्ट ‘इन्स्पेक्टर राज’ला त्यामुळे आळा बसतो हे मान्य केले, तरी भारताने 1949 मध्येच 81व्या अभिसंधीला मान्यता दिली आहे, हे विसरता येत नाही. तीनुसार निरीक्षकास पूर्वसूचनेविना कामाच्या ठिकाणी जाता आले पाहिजे आणि तपासणी आवश्यक तितक्या वेळा व्हावयास हवी. तिच्या पालनाबाबत श्रम संघटनेच्या समित्यांनी भारताला एकाहून अधिक वेळा विचारणा केली आहे. म्हणजे एक संस्था ज्या बदलाला गुण देण्यास हातभार लावीत होती, त्याच बदलाचा खुलासा दुसरी मागत होती. एकाच राज्याच्या कामगार आयुक्तालयाने यांपैकी कोणाचे ऐकावयाचे?

आकडेवारीतील गैरप्रकार उघड झाल्यावर सप्टेंबर 2021 मध्ये ‘डुइंग बिझनेस’ बंद झाले. 2024 मध्ये आलेल्या ‘बी-रेडी’ या नव्या अहवालात कामगारांच्या संरक्षणाच्या तरतुदींनाही गुण आहेत, ही 2009च्या वादाची कमाई म्हणता येईल. इकडे औद्योगिक संबंध संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली असून कपातीच्या परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली आहे. मुंबईतील तो 201 कामगारांचा काल्पनिक कारखाना आता तिच्या कक्षेबाहेर आहे.